१९९१ : अल्टरनेटिव्ह रॉकचे ते वर्ष, आणि मोजदादीची गोष्ट

१/
२० फेब्रुवारी १९९१. न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा ३३ वा सोहळा पार पडला. 'अल्टरनेटिव्ह' संगीतासाठी स्वतंत्र पुरस्कार त्या वर्षी प्रथमच ठेवण्यात आला होता आणि तो आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनर हिला मिळाला. तिने तो नाकारला. संगीताचे मोल व्यापारी यशावरून ठरवले जाते, हा तिचा आक्षेप होता. प्रस्थापितांनी ज्या प्रवाहाला नुकतीच मान्यता दिली, त्याच्या पहिल्याच मानकरीने ती मान्यता परत केली. अल्टरनेटिव्ह रॉकचे चाहते ज्या वर्षाचे नाव आजही जिव्हाळ्याने घेतात, त्या वर्षाचा आरंभ असा झाला. त्याच वर्षाविषयी हा दीर्घ धागा.

२/
१९९१ लक्षात का राहिले, असे विचारले की एक ठरीव कथा ऐकू येते. सप्टेंबरात निर्वाना या त्रिकुटाचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि रातोरात सारे पालटले. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. या बदलामागे सुमारे दहा वर्षांची तयारी होती. शिवाय त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतील संगीताची विक्री मोजण्याची रीतच बदलली. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्याखेरीज १९९१ नीट उलगडत नाही. आणि तिसरी गोष्ट अशी की, नव्या मोजणीलाही न दिसलेले बरेच काही त्या वर्षी घडले.

३/
प्रथम शब्दाविषयी. 'अल्टरनेटिव्ह रॉक' हे कोणत्याही एका शैलीचे नाव नव्हे. आर.ई.एम.चे मंद, झंकारणारे गिटारवादन आणि साउंडगार्डनचा जड, घनघोर नाद यांत ऐकताना फारसे साम्य आढळत नाही. साम्य होते ते मार्गात. मोठ्या कंपन्या, व्यापारी रेडिओ केंद्रे आणि भव्य क्रीडागारे हा राजमार्ग सोडून छोटी लेबले, विद्यापीठांची रेडिओ केंद्रे आणि गावोगावचे लहान क्लब या आडवाटेने जे संगीत श्रोत्यापर्यंत पोहोचे, त्याला हे नाव पडले. म्हणजे 'पर्यायी' होती ती वाट. सूर ज्याचा त्याचा वेगळा होता.

४/
ही आडवाट कोणी बांधली? कॅलिफोर्नियात ग्रेग गिन या गिटारवादकाने १९७८ साली एसएसटी हे लेबल सुरू केले. त्याचा ब्लॅक फ्लॅग हा बँड व्हॅनमधून देशभर हिंडला आणि कोणत्या शहरात कोण कार्यक्रम ठेवू शकेल, याचा जणू नकाशाच पुढच्यांना मिळाला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९८० साली इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी डिस्कॉर्ड हे लेबल उभारले. मकायच्या फुगाझी या बँडने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवण्याचा आणि सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश देण्याचा दंडक वर्षानुवर्षे पाळला. शिकागोचे टच अँड गो आणि सिॲटलचे सब पॉप ही या साखळीतील आणखी दोन ठाणी.

५/
टच अँड गो काय किंवा सब पॉप काय, दोहोंचा उगम छोट्या नियतकालिकांत आहे. छायाप्रती काढून, हाताने टाचून, टपालाने पाठवलेल्या अशा पत्रिकांना 'फॅनझीन' म्हणत. मराठी वाचकाला साठच्या दशकातील अनियतकालिके येथे आठवतील : तुटपुंजा पैसा, मोजका वाचकवर्ग आणि प्रस्थापितांची परवानगी न मागण्याची वृत्ती. या पत्रिकांतून एका शहरातील श्रोत्याला दुसऱ्या शहरातील बँडची वार्ता कळे. पत्ता मिळे, मग ध्वनिमुद्रिका मागवली जाई. सब पॉपचा संस्थापक ब्रूस पॅव्हिट याने १९८० साली ऑलिंपियात काढलेली पत्रिका हीच पुढे लेबल झाली.

६/
हा प्रवाह वाढतो आहे, याची चाहूल बाजाराला लागली नव्हती असे नाही. अमेरिकी संगीतव्यवसायाचे मुखपत्र मानल्या जाणाऱ्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने सप्टेंबर १९८८ मध्ये 'मॉडर्न रॉक' गीतांची वेगळी क्रमवारी सुरू केली. त्याच वर्षी आर.ई.एम. हा जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावचा बँड वॉर्नर या बलाढ्य कंपनीत गेला. न्यू यॉर्कचा सोनिक यूथ हा प्रयोगशील बँड गेफेन कंपनीकडे गेला आणि १९९० साली त्यांचा 'गू' हा अल्बम आला. तरीही हे संगीत थोड्यांचे, विद्यार्थ्यांचे, अशीच समजूत कायम होती. ती समजूत कशावर आधारलेली होती, हे पाहणे उद्बोधक आहे.

७/
बिलबोर्डची अल्बमांची क्रमवारी तोवर कशी बनत असे? देशभरातील निवडक दुकानांना दर आठवड्याला दूरध्वनी केला जाई आणि 'सध्या काय खपते आहे?' असे विचारले जाई. दुकानदार क्रमाने नावे सांगत. प्रत्यक्ष किती प्रती विकल्या, याचा आकडा त्यात नसे. सांगणाऱ्याची आवडनिवड, त्याची समजूत आणि कंपन्यांच्या प्रतिनिधींनी केलेली खातिरदारी या साऱ्यांचा परिणाम त्या यादीवर होई. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. 'अमेरिका काय ऐकत होती' याचे जे साधन आपण प्रमाण मानतो, ते मे १९९१ पर्यंत बव्हंशी अशा सांगीवांगीवर उभे होते.

८/
२५ मे १९९१ या तारखेच्या अंकापासून बिलबोर्डने अल्बमांच्या क्रमवारीसाठी 'साउंडस्कॅन' या नव्या प्रणालीची आकडेवारी वापरण्यास प्रारंभ केला. दुकानात वस्तूवरील बारकोड यंत्राने वाचला की विक्रीची नोंद होई आणि ती नोंद केंद्रीय संगणकाकडे जाई. आता कोणाला काही विचारायचे कारण उरले नाही. तंत्रज्ञान तसे साधेच होते, किराणा दुकानात ते आधीपासून रुळलेले होते. पण संगीतव्यवसायाला त्याने आरसा दाखवला, आणि त्यात दिसलेला चेहरा अनेकांच्या ओळखीचा नव्हता.

९/
परिणाम काही आठवड्यांतच दिसले. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या कॅलिफोर्नियाच्या रॅप गटाचा अल्बम दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्याच महिन्याच्या अखेरीस स्किड रो या बँडचा अल्बम थेट अग्रस्थानीच दाखल झाला. ऑगस्टमध्ये मेटॅलिकाने आणि सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्स या कंट्री गायकाने तेच केले. रॅप, जड रॉक, कंट्री : दुकानदारांच्या तोंडी ज्यांची नावे मागे पडत, ते प्रकार प्रत्यक्षात प्रचंड खपत होते. श्रोते एका महिन्यात बदलले नव्हते. ते आधीपासूनच तेथे होते. आता ते मोजले जाऊ लागले, इतकेच.

१०/
मात्र नव्या साधनाचीही चिकित्सा केली पाहिजे. ही यंत्रे सुरुवातीला प्रामुख्याने मोठ्या साखळी दुकानांत होती. गल्लीतील स्वतंत्र दुकाने, जेथे छोट्या लेबलांचा माल खपे, ती या मोजणीत पुरेशी आलीच नाहीत. म्हणून साउंडस्कॅनने अल्टरनेटिव्ह संगीताला न्याय दिला, असे सरसकट म्हणणे चुकीचे ठरेल. जो बँड मोठ्या कंपनीकडे गेला आणि साखळी दुकानाच्या फळीवर पोहोचला, तो दिसला. जो तेथवर गेला नाही, तो पूर्वीइतकाच अदृश्य राहिला. धाग्याच्या उत्तरार्धात हा मुद्दा पुन्हा येईल.

११/
आता वर्षाच्या क्रमाने पाहू. मार्चमध्ये आर.ई.एम.चा 'आउट ऑफ टाइम' आला. 'लुझिंग माय रिलिजन' हे त्यातील गाणे मँडोलिनच्या सुरावटीवर उभे आहे. पीटर बक ते वाद्य तेव्हा नव्याने शिकत होता. मनात ठसावे असे रूढ ध्रुवपद त्यात नाही. नावातील शब्दप्रयोगाचा धर्माशी संबंध नाही. संयम सुटणे, अशा अर्थाने अमेरिकेच्या दक्षिण भागात तो वापरला जातो. असे हे गाणे अमेरिकेच्या मुख्य क्रमवारीत चौथ्या स्थानी गेले आणि अल्बम पहिल्या. विशेष म्हणजे १८ मेच्या जुन्या पद्धतीच्या यादीतही तो पहिला होता आणि १ जूनच्या नव्या पद्धतीच्या यादीतही. दहा वर्षे व्हॅनमधून हिंडून जोडलेला श्रोता दोन्ही मापांत भरला.

१२/
या गाण्याच्या चित्रफितीचा दिग्दर्शक होता जालंधरला जन्मलेला तारसेम सिंग. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याचा छायाप्रकाश, गार्सिया मार्केझची पंख असलेल्या म्हाताऱ्याची कथा आणि आपल्याकडील कॅलेंडरांवर दिसणारी देवादिकांची चित्रे, अशा तीन दिशांनी त्याने आपली दृश्ये घडवली. सप्टेंबर १९९१ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कारांत या चित्रफितीला सहा पुरस्कार मिळाले आणि वर्षातील सर्वोत्तम चित्रफितीचा मानही त्यांत होता. आपल्या घरातल्या भिंतीवरील दैनंदिन चित्रभाषा त्या वर्षीच्या अमेरिकी रॉकच्या सर्वाधिक पाहिलेल्या दृश्यांत जाऊन बसली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

१३/
सिॲटलमध्ये वर्षाचा आरंभ शोकछायेत झाला होता. मदर लव्ह बोन या बँडचा गायक अँड्र्यू वुड मार्च १९९० मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने मरण पावला होता. एके काळी त्याच्यासोबत एकाच घरात राहिलेला साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेल याने त्याच्या स्मरणार्थ गाणी लिहिली. ती 'टेंपल ऑफ द डॉग' या नावाने एप्रिल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. वुडचे सहकारी स्टोन गॉसार्ड आणि जेफ अमेंट यांनी सॅन डिएगोच्या एडी व्हेडर याला एक ध्वनिफीत पाठवली होती. त्याने तिच्यावर आपला आवाज भरून परत धाडली. त्यातून पर्ल जॅम घडला. त्यांचा पहिला अल्बम 'टेन' २७ ऑगस्ट रोजी आला आणि सावकाश, पुढच्या वर्षी, कळसाला पोहोचला.

१४/
१८ जुलै रोजी ॲरिझोनात एका फिरत्या महोत्सवाला प्रारंभ झाला. जेन्स ॲडिक्शन हा बँड विसर्जित होणार होता आणि त्याचा गायक पेरी फॅरेल याला निरोपाचा दौरा वेगळ्या रीतीने करायचा होता. त्याचे नाव लोलापालूझा. एकाच मंचावर सूझी अँड द बॅन्शीज, नाइन इंच नेल्स, लिव्हिंग कलर, रॉलिन्स बँड आणि रॅपर आइस-टी. मैदानात मतदार नोंदणीचे आणि पर्यावरणवादी संस्थांचे मंडप. व्यापारी रेडिओने गोरे रॉक आणि काळे रॅप असे कप्पे पाडले होते. एका तिकिटावर दोन्ही ऐकणारे श्रोते उन्हात तासन्तास उभे राहिले. विखुरलेल्या श्रोत्यांनी एकमेकांना प्रथमच इतक्या संख्येने पाहिले.

१५/
ऑगस्टच्या २० ते २५ या तारखांना वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया या लहान गावी 'इंटरनॅशनल पॉप अंडरग्राउंड कन्व्हेन्शन' भरले. के रेकॉर्ड्स या स्थानिक लेबलाने ते भरवले होते आणि मोठ्या कंपन्यांना त्यात स्थान नव्हते. पहिली संध्याकाळ सर्वस्वी स्त्रियांच्या बँडना दिलेली होती. गर्दीत मागे ढकलल्या जाणाऱ्या मुली त्या दिवशी मंचावर होत्या. 'रायट गर्ल' ही चळवळ त्याच सुमारास आकाराला येत होती आणि त्या संध्याकाळीने तिला बळ दिले. निर्वाना हा ऑलिंपियाशी जवळचे नाते असलेला बँड मात्र तेथे नव्हता. तो इंग्लंडच्या रीडिंग महोत्सवात दुपारच्या वेळी वाजवत होता.

१६/
निर्वानाचा पहिला अल्बम 'ब्लीच' १९८९ साली सब पॉपने काढला होता. त्याच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च होता ६०६ डॉलर १७ सेंट. सब पॉप पुढे आर्थिक अडचणीत आले आणि निर्वाना गेफेनच्या डीजीसी या शाखेकडे गेला. सब पॉपला मोबदला आणि पुढील विक्रीतील अल्प वाटा मिळाला. १९९१ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी या स्टुडिओत 'नेव्हरमाइंड'चे ध्वनिमुद्रण झाले. योगायोग असा की, तिकडे हे गाणी मुद्रित करत होते आणि त्याच महिन्यात इकडे बिलबोर्ड आपली जुनी मोजपट्टी बाजूला ठेवत होते.

१७/
'नेव्हरमाइंड'ची घडण उलगडून पाहिली की आडवाटेचा अख्खा नकाशा समोर येतो. ढोलवादक डेव्ह ग्रोल हा राजधानी वॉशिंग्टनच्या पंक वर्तुळातून आलेला. निर्माता बुच व्हिग हा विस्कॉन्सिनमधील मॅडिसनचा. छोट्या लेबलांच्या बँडचे ध्वनिमुद्रण करत तो घडला. गेफेनची वाट दाखवली न्यू यॉर्कच्या सोनिक यूथने. हळू कडवे आणि मग एकदम कडाडणारे ध्रुवपद, ही रीत आपण बॉस्टनच्या पिक्सीजकडून उचलली, असे कर्ट कोबेनने पुढे स्वतः मान्य केले. 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे नाव सुचले ते ऑलिंपियाच्या कॅथलीन हॅनाने भिंतीवर लिहिलेल्या एका थट्टेच्या वाक्यावरून; ती बिकिनी किल या बँडची गायिका. एका अल्बमात पाच शहरे आहेत.

१८/
२४ सप्टेंबर १९९१, मंगळवार. 'नेव्हरमाइंड' दुकानात आला. त्याच दिवशी रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक' आला आणि अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप गटाचा 'द लो एंड थिअरी'ही. आदल्या दिवशी ब्रिटनमध्ये प्रायमल स्क्रीमचा 'स्क्रीमाडेलिका' निघाला होता. गेफेनने अमेरिकेत 'नेव्हरमाइंड'च्या सुमारे ४६ हजार प्रती पाठवल्या. सोनिक यूथच्या 'गू'एवढी, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास विक्री झाली तरी पुष्कळ, अशी कंपनीची धारणा होती. क्रमवारीत अल्बम प्रथम दिसला तो १४४ व्या स्थानी.

१९/
२९ सप्टेंबरच्या रविवारी रात्री उशिरा, अल्टरनेटिव्ह संगीतासाठी राखलेल्या कार्यक्रमात, एमटीव्हीने 'टीन स्पिरिट'ची चित्रफीत प्रथम दाखवली. लवकरच ती दिवसाही लागू लागली. साऱ्या देशात प्रती संपल्या. नाताळच्या सुमारास आठवड्याला तीन लाखांच्या घरात विक्री होऊ लागली. ११ जानेवारी १९९२ च्या यादीत 'नेव्हरमाइंड'ने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. भेट मिळालेले पैसे घेऊन मुले नाताळनंतर दुकानात गेली, हे त्याचे एक स्पष्टीकरण त्या काळापासून दिले जाते. दुकानदाराच्या अंदाजावर चालणाऱ्या जुन्या यादीत तो एक आठवडा असा उठून दिसला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

२०/
तर मग बदल घडला कशाने? दहा वर्षांच्या जाळ्याने कलावंत घडवले आणि श्रोते तयार केले. मोठ्या कंपनीने त्यांना साखळी दुकानाच्या फळीवर नेले. दूरचित्रवाणीने ते गाणे घरोघर पोहोचवले. आणि यंत्राने त्याचा खप आठवड्याच्या आत उघड केला. यांतील एक कडी गळली असती तर चांगली गाणी तरीही झाली असती, पण 'क्रांती' हा शब्द कदाचित कोणी वापरला नसता. कलेची गुणवत्ता आणि तिची दृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९१ मध्ये त्या काही काळ एकत्र आल्या, म्हणून ते वर्ष इतके लख्ख आठवते.

२१/
आता न मोजलेले १९९१. मार्चमध्ये टच अँड गोने 'स्पायडरलँड' हा अल्बम काढला. केंटकीतील लुईव्हिलचा स्लिंट हा बँड. वादक विशीच्या आसपासचे. अल्बम बाहेर येण्यापूर्वीच बँड मोडला होता, त्यामुळे दौरा नाही, प्रसिद्धी नाही, क्रमवारीत नावही नाही. कुजबुजत सांगितलेल्या कथा, विषम तालांची गिटार आणि दीर्घ शांतता. पुढच्या दशकात ज्याला 'पोस्ट-रॉक' म्हटले गेले, त्याच्या उगमाशी हा अल्बम ठेवला जातो. त्या वर्षीची कोणतीही यादी पाहिली तरी त्याचा मागमूस लागत नाही. तो हातोहात, एका श्रोत्याकडून दुसऱ्याकडे गेला.

२२/
नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्या क्रिएशन लेबलाने माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' प्रसिद्ध केला. डब्लिनमध्ये जन्मलेल्या या बँडच्या केव्हिन शील्ड्सने जवळजवळ दोन वर्षे आणि १९ स्टुडिओ एवढा पसारा मांडून तो पुरा केला होता. गिटारचा दांडा सतत हलता ठेवून त्याने सुरांना असे वितळवले की वाद्य कोठे संपते आणि आवाज कोठे सुरू होतो, ते कळू नये. ब्रिटनच्या क्रमवारीत तो २४ व्या स्थानापलीकडे गेला नाही, आणि लेबलाने बँडशी संबंध तोडला. आज मात्र १९९१ चे स्मरण 'लव्हलेस'शिवाय कोणी करत नाही. आकडा त्या आठवड्याचा असतो. स्मरणाला वेळ लागतो.

२३/
दृश्यतेची किंमतही होती. सिॲटलच्या थंडीत गरजेपोटी घातले जाणारे चौकड्यांचे जुने सदरे १९९२ अखेर न्यू यॉर्कच्या फॅशन मंचावर झळकले. त्याच नोव्हेंबरात 'न्यू यॉर्क टाइम्स'ने 'ग्रंज' तरुणांच्या बोलीचा छोटा शब्दकोश छापला. ते शब्द सब पॉपशी संबंधित मेगन जास्पर हिने वार्ताहराच्या दूरध्वनीवर जागच्या जागी रचून सांगितले होते. असे कोणी बोलतच नव्हते. दूरध्वनीवरून विचारलेल्या याद्या बाजूला सारून वर्ष-दीड वर्ष झाले होते, आणि एका प्रतिष्ठित वृत्तपत्राने पुन्हा दूरध्वनीवरच विसंबून छापील पुरावा निर्माण केला. छापलेले म्हणजे घडलेले नव्हे, हा धडा यापेक्षा सोपा करून सांगता येणार नाही.

२४/
आणि एक किंमत माणसाने मोजली. एप्रिल १९९२ मध्ये कोबेन 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर आला, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर अशा कॉर्पोरेट मासिकांचीच निंदा करणारे वाक्य हाताने लिहिलेले होते. नकार आणि स्वीकार एकाच छायाचित्रात होते. शिनेड ओ'कॉनरने जो प्रश्न फेब्रुवारी १९९१ मध्ये उभा केला होता, तोच हा. ५ एप्रिल १९९४ रोजी, वयाच्या २७ व्या वर्षी, कोबेनने आपले जीवन संपवले. त्यामागे दीर्घ आजारपण, व्यसन आणि खिन्नता होती. केवळ कीर्तीला दोष देणे सोपे, पण अप्रामाणिक ठरेल. तरीही आडवाटेवरच्या माणसाला अचानक राजमार्गाच्या मधोमध उभे केले की काय होते, याचा विचार त्या वर्षाची आठवण काढताना टाळता येत नाही.

२५/
आपल्याकडे हे सारे कसे पोहोचले? जुलै १९९१ मध्ये भारताने आर्थिक उदारीकरणाचा मार्ग धरला. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीचे उपग्रह प्रक्षेपण सुरू झाले आणि १५ सप्टेंबरला त्यावर एमटीव्ही आशिया अवतरली. 'टीन स्पिरिट'ची चित्रफीत अमेरिकेत प्रथम दिसण्याच्या दोन आठवडे आधी. मुंबईत रॉकची परंपरा त्यापूर्वीची होती. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ पासून भरत असे. केबलची तार गच्चीवरून घरात आली, तेव्हा तिला श्रोते आयतेच मिळाले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये फॅरेलचा तोच लोलापालूझा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भरला. आशियातील तो पहिला.

२६/
मात्र या दोन टोकांमधला आपला इतिहास जवळजवळ अलिखित आहे. मुंबई-पुण्याच्या वसतिगृहांत एका कॅसेटवरून दुसरी भरून घेतली जाई, काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊससारख्या दुकानांत फळ्या चाळल्या जात. भरून घेतलेल्या कॅसेटला बारकोड नसतो. ती कोणत्याही क्रमवारीत येत नाही. ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झाले आणि कॅसेटांच्या फितींना बुरशी लागते आहे. मित्रहो, घरातील काका, मावशी, आई-वडील यांच्या कपाटात अशा कॅसेटी असतील. त्यांच्या वेष्टनावर हाताने लिहिलेली नावे, तारीख, कोणाकडून भरून घेतली याची नोंद असेल, तर छायाचित्र काढून ठेवा आणि त्यांना विचारून चार ओळी लिहून घ्या. या धाग्याखाली त्या जोडल्या तर आणखी चांगले.